ऑपरेटरबाईंच्या सह्या

आमच्या जिन्यात तिला सगळे ऑपरेटरबाई म्हणायचे. टेलिफोन एक्स्चेंजमधून रिटायर होऊन तिला वर्षं लोटली होती, ते एक्स्चेंज पाडून तिथे गाड्या लावायची जागा झाली होती, तरी बाई ऑपरेटरच राहिली. बोलायला लागली की अजून कुणाला तरी लाइन जोडून देत असल्यासारखा आवाज. थंड, स्पष्ट, आणि समोरच्याला मध्ये बोलायला जागाच नाही. मी तिच्या समोरच्या खोलीत शिवणकाम करते. इतकी वर्षं दारासमोर दार, पण तिने मला कधी नावाने हाक मारली नाही. "शिवणवाली, मशीन बंद कर, डोकं उठलंय." बस, एवढंच. मीही काही कमी नाही. मुद्दाम आणखी दोन शिवणी मारायचे आणि मगच मशीन थांबवायचे.

ती गेली म्हणून मी तिला आता देवमाणूस करणार नाही. बाई खडूस होती. खालच्या मजल्यावरच्या नव्या सुनेने हौसेने फुलाफुलांचे पडदे लावले, तर तिला जिन्यात गाठून म्हणाली, "छान. दवाखान्यात आल्यासारखं वाटतं." ती पोरगी पडदे घेऊन माझ्याकडे आली, आतली बाजू बाहेर करून शिवून द्या म्हणाली. मला तेवढंच काम मिळालं, म्हणून मी हसू दाबलं. दुसऱ्याचं मन दुखवायचं असेल तर नेमकं कुठे टोचायचं हे बाईला बरोबर कळायचं.

आणि बाईचं सगळ्यात मोठं खूळ म्हणजे चेक. तिच्या घरात रोख पैसा नसायचाच. दूधवाल्याला चेक, पाववाल्याला चेक, नळ दुरुस्त करायला आलेल्या माणसाला चेक. तो बिचारा पाना हातात धरून उभा आणि बाई चष्मा लावून, कागदाखाली पुठ्ठा ठेवून, तारीख, नाव, रक्कम अक्षरी, रक्कम आकडी असं सावकाश लिहिणार. मग सही. सही म्हणजे बघण्यासारखी. पहिलं अक्षर चांगलं ऐटदार, मधली सगळी एका दमात, आणि खाली लांबलचक रेघ ओढून तिच्या टोकाला दोन टिंबं. मी तिचे उशांचे चार अभ्रे शिवले तेव्हा मलाही चेक मिळाला. मी म्हटलं, "बाई, हे घेऊन मी काय करू?" तर म्हणते, "खातं उघड. माणसात ये." माझं आयुष्यातलं पहिलं बँकखातं त्या चार अभ्र्यांपायी निघालं.

"माझ्या सहीशिवाय माझा पैसा जागचा हलायचा नाही," असं ती उठताबसता म्हणायची. मला तो नुसता तोरा वाटायचा. पण एकदा तापाने फणफणली होती, मी सूप घेऊन गेले होते, तेव्हा तिने कारण सांगितलं. नोकरी लागली तेव्हा पगाराच्या दिवशी बाप एक्स्चेंजच्या फाटकाशी येऊन उभा राहायचा आणि पाकीट तिथेच, सगळ्या मैत्रिणींसमोर काढून घ्यायचा. लग्न झालं, मग त्याच फाटकाशी नवरा उभा राहायला लागला. मुलगा झाला, तो इतर मुलांसारखा नाही हे कळलं, आणि नवरा जो गेला तो गेला. त्या महिन्यात फाटकाशी कोणी नव्हतं. बाई पाकीट घेऊन तडक बँकेत गेली, खातं उघडलं, आणि ती टिंबांची सही तिथल्या काउंटरवर उभ्या उभ्या ठरवली. हे सगळं तिने मला हवेचा अंदाज वाचून दाखवावा तसं सांगितलं आणि वर म्हणाली, "सुपात मीठ नाही."

तो मुलगा म्हणजे बाळ. नाव काही का असेना, चाळिशी उलटली तरी बाळच. अंगाने दांडगा, डोक्याने चार वर्षांचा. गावाबाहेर अशा मोठ्या झालेल्या मुलांची एक संस्था आहे, तिथे तो राहायचा. तिथल्या धोबीखान्यात टॉवेलांच्या घड्या घालायचं काम त्याच्याकडे होतं आणि त्याच्यासारखी घडी कोणाची पडत नाही, असं तिथले लोक म्हणायचे. महिन्यातून एका रविवारी संस्थेची गाडी त्याला आईकडे आणून सोडायची आणि संध्याकाळी घेऊन जायची. बाळ यायचा तो बूट न काढता दाराजवळच्या खुर्चीत बसायचा, पिशवी मांडीवर. आई भरवील ते खायचा, हसायचा, आणि हॉर्न वाजला की उठायचा. त्या दिवशी बाई माझं मशीनही खपवून घ्यायची.

बाईला आयुष्यात एकच भीती होती आणि ती तिने लपवली नाही. आपल्यामागे बाळ आपल्या भावाच्या ताब्यात जाईल ही. भाऊ तिच्याहून बराच धाकटा, बँकेत हेड कॅशियर होता. बाळ लहान असताना एकदा बाईला रात्रपाळी होती आणि सांभाळायला कोणी नव्हतं, म्हणून तिने पोराला भावाकडे ठेवलं. सकाळी आणायला गेली तर पोर न्हाणीत, बाहेरून कडी, ओल्या फरशीवर बसलेलं. भाऊ दाढी करत होता. म्हणाला, "रडत होता गं ताई, शेजारी काय म्हणतील?" त्यानंतर बाईने भावाचं तोंड पाहिलं ते थेट त्याची बायको वारली तेव्हा. मग तो येऊन जाऊन असायचा. सफाईदार भांग, बोलणं लोण्यासारखं. मला "वहिनी" म्हणायचा. मला नवरा नाही हे त्याला माहीत होतं, तरी वहिनी.

पुढे बाईच्या हाताला कंप सुटला. आधी कपातला चहा बशीत, मग सगळाच अंगावर. डॉक्टरने गोळ्या दिल्या. गोळी घेतली की तासाभराने हात जरा शांत व्हायचा, तेवढ्यात काय ते लिहून घ्यायचं, मग पुन्हा थरथर. आणि नेमकं त्याच सुमाराला चेकबुक संपत आलं. आधी तिने दूधवाल्याचे चेक बंद केले. मग पेपरवाल्याचे. मग एक दिवस मला बोलावून नोटा हातात ठेवल्या आणि म्हणाली, "आता तुला रोखच. पानं उरली नाहीत." मला दिवाळं निघाल्यासारखं सांगत होती. चेकबुकाच्या शेवटी मागणीची चिठ्ठी असते, ती भरून सही करून दिली की नवं चेकबुक मिळतं. बाईने ती भरून पाठवली. चिठ्ठी परत आली. सही जुळत नाही.

मला बरोबर घेऊन बाई बँकेत गेली. काउंटरला एक चष्मेवाली मुलगी होती, वागायला बरी होती. तिने संगणकावर बाईची जुनी सही काढली, समोर कागद ठेवला आणि म्हणाली, "करा आजी." गोळी घेऊन वेळ होऊन गेला होता. बाईने सही केली. रेघ कागदाबाहेर टेबलावर गेली. मागे रांगेतला एकजण फिसकन हसला. मुलगी म्हणाली, "आजी, असं करू या का, आपण अंगठ्याचं खातं करू. दोन साक्षीदार आणायचे, अंगठा लावायचा, पैसे काढायचे. फक्त त्या खात्याला चेकबुक मिळत नाही."

"मी अंगठा लावू?" बाई म्हणाली. "माझ्या हाताखाली वीस मुली शिकल्या."

"नियमच आहे, आजी."

बाईने पेन ठेवून दिलं आणि उठली. परत येताना मात्र सगळा राग माझ्यावर. मी हळू का चालते, रस्ता असा का धरला, माझ्या अंगाला कापडाच्या खळीचा वास का येतो.  हात हातात होता तिचा, आणि तो असा हलत होता की माझंही मनगट हलत होतं.

चेकची निकड काय होती ते सांगते. संस्थेची रीत अशी की दर वर्षी पालकाने पुढच्या बारा महिन्यांचे, पुढच्या तारखा घातलेले बारा चेक एकदम द्यायचे. चेक नाहीत तर जागा नाही. बाळच्या वर्षाची मुदत संपत आली होती आणि बाईकडे पानं उरली होती चार. संस्थेचा मॅनेजर स्वतः घरी आला. मी तिच्या दाराच्या पडद्याची झालर लावत होते, म्हणून सगळं ऐकलं. तो म्हणाला, "बाई, तुमचं वय झालं. आमच्याकडे आजीवन ठेव आहे. एकदाच रक्कम भरा, मुलगा मरेपर्यंत आमचा. तुम्ही असा नसा, कुणी त्याला हलवू शकणार नाही. तसा करारच असतो." रक्कम मोठी होती. पण बाईकडे होती. एक्स्चेंजची सगळी पुंजी तिने जशीच्या तशी ठेवली होती, स्वतःवर कधी खर्च केला असेल तर उशांच्या अभ्र्यांवर. चारांतला एक चेक पुरला असता. आणि बाई तयारही झाली होती. मला म्हणाली, "उद्या गोळी घेतली की ये. कोपर धर माझं."

दुसऱ्या दिवशी मी गेले तर भाऊ आधीच येऊन बसलेला. मॅनेजर घरी येऊन गेल्याचं बाईनेच त्याला सांगितलं होतं. तुम्ही विचाराल, ज्याचं तोंड बघायचं नव्हतं त्याला कशाला सांगितलं? मीही विचारलं होतं. तर म्हणते, "माणूस म्हणून तो नालायक आहे, पण बँकेतलं त्याला कळतं." इथेच बाई फसली. पोराला ज्याच्याकडे तासभर ठेवायची नाही, त्याला चेकबद्दल विचारायला तिला काही वाटलं नाही. एक्स्चेंजमध्ये जन्म गेला तिचा. दुरुस्तीचा माणूस चोर का असेना, वायर त्यालाच कळते, असा तिचा हिशेब.

भाऊ पाय हलवत म्हणाला, "ताई, सगळी रक्कम एकदम दिलीस की त्यांची नड संपली. मग बाळकडे कोण बघतंय? मेला काय, जगला काय. उलट मेला तर त्यांना बरंच, दुसरा ठेवून घेतील. दर महिन्याला चेक वटला पाहिजे म्हटल्यावर झक्कत सांभाळतील."

बाईचा चेहरा उतरला. तिला ते पटलं, आणि पटण्यासारखंच होतं, मला पण पटलं. "पण माझ्यामागे चेक कोण देणार?" तिने विचारलं.

"तूच. आत्ताच देऊन ठेव ना सगळे. एका चेकबुकात काम होणार नाही, मोठं मागवू. तारखा घाल, सह्या कर, संस्थेच्या कपाटात ठेवून दे. दर महिन्याला एक बाहेर काढतील. सही तुझी आहे, पैसा तुझा आहे, तू असलीस काय, नसलीस काय."

"चालतं असं?"

"मी आयुष्य काढलं बँकेत," भाऊ म्हणाला.

बाई माझ्याकडे बघून हसली. तिला असं हसताना मी पहिल्यांदा पाहिलं. आपण मेल्यावरही आपलाच पैसा आपल्याच सहीने हलणार, यापेक्षा दुसरं काय हवं होतं तिला?

मागणीची चिठ्ठी भावाने नवी आणली. सकाळी गोळी, तासभर वाट, आणि मग चिठ्ठीवर सही. तीन चिठ्ठ्या वाया गेल्या, चौथी जमली. तीही त्याच्या ओळखीमुळे चालली असणार, मला शंका आहे. जाडजूड चेकबुक आलं. बाईने ते उघडून नाकाशी नेलं आणि वास घेतला.

मग सुरू झालं सह्यांचं. रोज सकाळी भाऊ यायचा. चेकबुक सपाट धरून ठेवायचा, कारण नवं चेकबुक मिटायला बघतं. मी बाईचं कोपर धरायचे. बाई जीभ दातात धरून लिहायची, शाळेतली पोर लिहिते तशी. तारीख महिन्या-महिन्याने पुढे सरकत होती. वर्ष बदललं की ती थांबायची आणि बोटावर बाळचं वय मोजायची. "इथे तो पंचेचाळीस," म्हणायची. "इथे पन्नास." एका सकाळी दोन सह्या झाल्या तर खूप. तिसरीला हात लटपटायचा, आणि मग ती स्वतःच्या हातावर दुसऱ्या हाताने फटका मारायची.

आणि भाऊ सह्या तपासायचा. चेक उजेडाकडे धरायचा, मान तिरकी करायचा. "अंहं. ताई, शेपूट बघ कसं थरथरलंय. बँक परत करील." टर्रकन फाडायचा. बाईच्या डोळ्यांत पाणी यायचं. ती म्हणायची, "परत करते." तो म्हणायचा, "घाई नाही. पोराच्या जन्माचा प्रश्न आहे, कच्चं काम नको." दुसरं टिंब राहिलं म्हणूनही एकदा फाडला. मला त्या वेळी वाटलं, माणूस सुधारला. न्हाणीत कोंडलेल्या पोरासाठी आता किती जपतोय. मीच त्याला चहा करून दिला, एकदा नाही, रोज. साखर जास्त लागायची त्याला.

सगळी पानं संपली त्या दिवशी बाईने त्या चेकांना रबर लावलं आणि आम्ही तिघं टॅक्सी करून संस्थेत गेलो. मॅनेजरने गठ्ठा हातात घेतला, वरचे थोडे चाळले, आणि भावाकडे बघितलं. "हे एवढ्या वर्षांचे?" त्याने विचारलं. "आम्ही वर्षाचेच घेतो. पुढचे..."

"पुढचे ठेवून द्या हो कपाटात," भाऊ म्हणाला. "तिच्या समाधानासाठी."

मॅनेजरने खांदे उडवले. त्यालाही कळलं असणार. त्याने गठ्ठा कपाटात टाकला आणि बाईला पावती दिली, पहिल्या बारा चेकांची. बाई म्हणाली, "बाकीच्यांची?" मॅनेजर म्हणाला, "बाई, विश्वास ठेवा की." बाळ तेव्हा टॉवेल घडी करत होता. आईला बघून त्याने एक टॉवेल उचलून दाखवला. बाईने नुसती मान हलवली आणि टॅक्सीत येऊन बसली. परतीच्या वाटेवर झोपून गेली, तोंड उघडं टाकून, माझ्या खांद्यावर. कित्येक वर्षं तिला झोपेच्या गोळीशिवाय झोप येत नव्हती.

त्यानंतर बाई अगदी वेगळीच वागायला लागली. खालच्या सुनेला म्हणाली, "पडदे सरळ कर गं, फुलं बरी दिसत होती." मला एकदा विचारलं, "तुझं नाव काय?" मी सांगितलं. "हं," म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा शिवणवालीच. माणूस कितीही मोकळं झालं तरी किती बदलणार?

गेली ती सकाळी, खुर्चीत बसल्या बसल्या. दूध करपल्याचा वास आला म्हणून मी दार ठोठावलं, मग खालच्या लोकांना बोलावून उघडलं. हात मांडीवर होते आणि पहिल्यांदाच हलत नव्हते. भावाला कळवलं. तो आला, रीतसर रडला, सगळं व्यवस्थित केलं. माणूस कामाचा, कुठे काही कमी पडू दिलं नाही. मृत्यूचा दाखला हातात पडला त्याच दिवशी तो आधी बँकेत गेला. मला जिन्यात भेटला, तेव्हा म्हणाला, "खात्याला कळवून आलो, वहिनी. असली कामं मागे ठेवू नयेत." मी म्हटलं, बरं झालं, बाळचे चेक नीट सुरू राहतील.

पुढच्या महिन्यात संस्थेचा माणूस आला. बाईचं दार बंद बघून माझ्याकडे वळला. चेक परत आला म्हणाला. मी म्हटलं, सही जुळली नसेल, एखादा वाईट निघाला असेल, दुसरा लावा. तो म्हणाला, "मावशी, सहीचं काही नाही. खातेदार मयत, असा शेरा आहे. सगळेच गेले."

मी मशीनवरचं कापड तसंच टाकून बँकेत गेले. चष्मेवाली मुलगी होती. मी विचारलं, असं कसं झालं? बाईने एवढ्या मेहनतीने सह्या केल्या. तिने मला समजावून सांगितलं. माणूस गेलं आणि बँकेला कळलं की त्याचे चेक चालत नाहीत. एकसुद्धा नाही. सही कितीही चांगली असो, तारीख पुढची असो, आधी दिलेला असो. खातं गोठवतात. मग पैसा वारसाचा, म्हणजे मुलाचा, आणि मुलाला कळत नाही म्हणून कोर्टाने नेमलेल्या पालकाच्या हातात. "त्यांच्या भावाने अर्ज केलाय पालकत्वाचा," ती म्हणाली. "सख्खा नातेवाईक तोच एक आहे ना."

"हे त्याला ठाऊक असेल?" मी विचारलं.

मुलीने माझ्याकडे बघितलं. "मावशी, हे आमच्या शिपायाला पण ठाऊक असतं."

मी बाहेर आले आणि रस्त्यात उभी राहिले. मला त्याचे ते फाडलेले चेक आठवले. कशाला फाडत होता मेला? सगळेच कचरा होते. चांगली सही, वाईट सही, त्याला काय फरक पडत होता? तिला रडवून पुन्हा सही करायला लावायचा, आणि माझ्या हातचा चहा प्यायचा. केसाने गळा कापणं म्हणतात ते हे, आणि तिचं कोपर मी धरलं होतं.

महिनाअखेरीला संस्थेची गाडी आली. रविवार नव्हता. बाळ उतरला, पिशवी छातीशी. ड्रायव्हरने रबर लावलेला गठ्ठा भावाच्या हातात दिला, एक कागद पुढे केला आणि भावाने त्याच्यावर सही ठोकली. बाईच्या घरात तेव्हा सुतार आला होता, कपाटाची मापं घेत होता. बाळ नेहमीसारखा दाराजवळच्या खुर्चीत बसला. बूट पायात, पिशवी मांडीवर. भावाने गठ्ठा सुताराच्या भुशात टाकला.

मी आत गेले. म्हटलं, "तुम्हाला ठाऊक होतं."

"काय?"

"ते चेक. पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं."

त्याने सुताराला जरा बाहेर जायला सांगितलं. मग माझ्याकडे वळला. राग नाही, शरम नाही, काउंटरवर एखाद्या अडाणी बाईला समजवावं तसं सांगायला लागला. "वहिनी, सांगितलं असतं तर तिने त्या लोकांना सगळी रक्कम एकदम देऊन टाकली असती. मग मागे उरलं काय असतं? आणि तिला शेवटी शेवटी झोप लागत होती की नाही? तुम्हीच सांगा. एवढी वर्षं डॉक्टरला जमलं नाही, ते मी केलं."

"आणि बाळ?"

"आहे की इथे. चार खोल्या आहेत. त्याला एक पुरे."

मला त्याच्या थोबाडीत द्यायची होती. दिली नाही. माझा जिना, माझी खोली, माझा घरमालक, आणि घरमालक त्याच्या ओळखीचा. मी फक्त म्हटलं, "तुमचे हात झडोत." तो हसला आणि म्हणाला, "चहा करता का?"

बाळने मान वर केली. "गाडी कधी?" त्याने मामाला विचारलं.

"येईल हं," भाऊ म्हणाला, त्याच लोण्यासारख्या आवाजात. "संध्याकाळी येईल. तू बस शहाण्यासारखा."

बाळ खूश झाला. भाऊ सुताराला घेऊन खाली गेला. मी बाळजवळ गुडघ्यावर बसले, बुटाची नाडी सोडायला लागले, तर त्याने पाय मागे ओढून घेतला. अंधार पडायला आला तरी तो तसाच बसून होता. मग मी त्याला खरं सांगितलं. सरळ तोंडावर सांगितलं, कारण कोणीतरी सांगायला हवं होतं. म्हटलं, "बाळ, गाडी येणार नाही. आई गेली. तुझे टॉवेल गेले. आता इथेच राहायचं. बूट काढ."

त्याने माझं नीट ऐकून घेतलं. मग पिशवी मांडीवर सरळ केली आणि मला समजावलं.

"मामाने सांगितलंय," तो म्हणाला.